भिंत त्याची, वाघ कुणाचा?

एका वाचक मुलीचं पत्र आलंय. लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगते, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. ती नागपूरची, वय २६, चित्रकला शिकलेली, भिंतींवर म्युरल काढायची कामं घेते. दोन वर्षांआधी तिने धरमपेठेतल्या एका कॅफेची आतली भिंत रंगवली: तर्री-पोहे हाणत बसलेला वाघ, मागे संत्र्याची झाडं, खाली कोपऱ्यात तिची सही. रंगासकट ४० हजार मिळाले, लेखी करार नाही, सगळं व्हॉट्सअपवर ठरलं. आता मालकाने मनीष नगरला दुसरं आउटलेट काढलंय आणि तिथे त्याच वाघाचा मोठा फ्लेक्स लावलाय, सही कापून. शिवाय तोच वाघ टी-शर्टवर, ४९९ रुपयांना, आणि मगवर पण. हिने विचारलं तर म्हणे, "पैसे दिले ना तुला, आता काय राहिलं?" वरून जुन्या कॅफेचं रिनोव्हेशन निघालंय, पुढच्या आठवड्यात त्या भिंतीला पांढरा रंग लागणार. मैत्रिणी म्हणतात केस ठोक, मामेभाऊ म्हणतो रजिस्ट्रेशन नाही म्हणजे काहीच होत नाही, आणि हिने इन्स्टासाठी एक पोस्ट लिहून ठेवलीये, "चोर" शब्दासकट. प्रश्न असा की केस करू, पोस्ट टाकू, की सोडून देऊ?

पोरी, कायद्याचं नंतर बोलू, आधी उद्याच्या उद्या कॅफेत जा. ओळखीतला कुणी बऱ्या कॅमेऱ्यावाला असेल त्याला सोबत ने, संपूर्ण भिंत एका फ्रेममधे, मग तुकड्या-तुकड्याने, मग सहीचा क्लोजअप असे फोटो काढून ठेव. मालक आत येऊ देणार नाही असं वाटत असेल तर गिऱ्हाईक म्हणून जा, कॉफी घे, मोबाइलने काढ. मग मनीष नगरच्या फ्लेक्सचे फोटो, जिथे सही कापलीये तो कोपरा नीट दिसला पाहिजे. आणि एक टी-शर्ट, एक मग स्वतःच्या पैशाने विकत घे, ४९९ रुपये जीवावर येतील पण घे आणि पक्कं बिल माग, कारण उद्या तो म्हणू शकतो की आम्ही विकतच नव्हतो, स्टाफसाठी चार छापले होते. व्हॉट्सअपची ती चॅट डिलीट करू नको, आपोआप मेसेज गायब व्हायचं सेटिंग चालू असेल तर आत्ता बंद कर, आणि मुख्य म्हणजे तो फोन विकू नको. नुसते स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाहीत, आधी त्याला पुरावा कायद्याचं कलम ६५-ब म्हणायचे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, त्याखाली सर्टिफिकेट लागतं, आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं.

आता तुझ्या मामेभावाचं बघू. रजिस्ट्रेशन नाही म्हणजे हक्क नाही, हे आपल्याकडे इतके लोक इतक्या खात्रीने सांगतात की मला कधीकधी वाटतं हे शाळेत शिकवतात की काय. असं काहीही नाहीये. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात ओरिजिनल चित्र काढलं की कॉपीराइट आपोआप तयार होतो, कुठे अर्ज करावा लागत नाही. रजिस्ट्रेशनचा फायदा एवढाच की भांडण झालं तर सर्टिफिकेट हा सुरुवातीचा पुरावा धरला जातो, समोरच्याला तो खोडून काढावा लागतो. चित्राला सरकारी फी ५०० रुपये आहे, आणि तेच चित्र मालावर वापरलं जाणारं असेल तर २००० आणि वरून ट्रेडमार्क ऑफिसचं एक सर्टिफिकेट. ऑनलाइन होतं, अर्ज केल्यावर कुणाची हरकत येते का म्हणून ३० दिवस थांबतात. करून ठेवलेलं बरंच, पण नाही केलं म्हणून तू संपली असं नाही.

पण इथे तुझं एक गृहीतक पण मला जरा हलवावं लागणार आहे, वाईट वाटून घेऊ नको. तू पत्रात चारदा लिहिलंय, "मी काढलं म्हणजे माझंच ना." न्यायाने बघितलं तर तसंच वाटतं, सावजीवाल्याकडून मटणाचा डबा आणला म्हणून त्याच्या मसाल्यावर आपला हक्क येत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र आपला कायदा वेगळं म्हणतो. कलम १७ चा नियम असा की कॉपीराइटचा पहिला मालक म्हणजे कलाकार, पण त्याला अपवाद आहेत आणि त्यातला (ख) हा तुझ्यावर येऊन पडतो: कुणीतरी पैसे देऊन, स्वतः सांगून फोटो काढून घेतला किंवा पेंटिंग, पोर्ट्रेट काढून घेतलं तर, उलट काही ठरलेलं नसेल तर, कॉपीराइट त्या पैसे देणाऱ्याचा. म्हणजे मालकाचं ते "पैसे दिले ना" कितीही उद्धट असलं तरी त्याचा वकील नेमकं हेच कलम काढणार. हे ऐकून खूप कलाकारांना धक्का बसतो, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना तर जास्तच. नोकरीत असणाऱ्यांचं तर अजून सरळ आहे, एजन्सीत पगारावर बसून केलेलं काम साधारणपणे एजन्सीचंच.

पण त्या कलमात "उलट काही ठरलेलं नसेल तर" हे शब्द आहेत, आणि तुझी सगळी केस त्या शब्दांवर उभी आहे. तू पत्रासोबत चॅटचा एक तुकडा पाठवलाय, बहुतेक त्याचं तुसडेपण दाखवायला पाठवला असशील, कारण तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाही. त्यात कामाआधी तू विचारलंय की सर, हे प्रिंट वगैरे पण करणार का, आणि तो म्हणतो, "नाही नाही, फक्त ह्या भिंतीसाठी, प्रिंटचं असलं तर तेव्हा वेगळं बोलू." अगं, हे सोनं आहे! पैसे फक्त भिंतीचे होते आणि प्रिंटचा हक्क त्याच्याकडे गेलेला नव्हता हे तो स्वतःच्या बोटांनी टाइप करून बसलाय. कोर्ट याला किती वजन देईल ते वकील चॅट पूर्ण वाचून सांगेल, पण माझ्या मते तुझ्याकडे जे काही आहे त्यात हा मेसेज पहिल्या नंबरवर, सहीपेक्षाही वर.

दुसरी गोष्ट, तू लिहिलंय की हा वाघ मुळात तुझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या स्केचबुकात आहे, मालकाने तो इन्स्टावर पाहिला आणि "असाच पाहिजे" म्हणाला. मग ते स्केच त्याच्या पैशातून झालेलंच नाही, त्याच्यावर अपवाद लागत नाही, ते तुझं. भिंतीवरचा वाघ ही त्याची मोठी केलेली आवृत्ती. स्केचबुक शोधून काढ, तारीख असेल तर उत्तम, इन्स्टाच्या जुन्या पोस्टची तारीख तर आहेच. आणि तो उद्या म्हणाला की तोंडी सगळे हक्क विकले होते, तर ते चालणार नाही, कॉपीराइट विकायचा तर लेखी आणि सही असलेलंच लागतं, कलम १९. लेखी असूनही मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षंच धरतात आणि जागा लिहिलेली नसेल तर फक्त भारत, हे पण लक्षात ठेव, पुढे मोठ्या कंपनीचा कागद हातात येईल तेव्हा लागेल.

आता जरा अडचणीचं. पत्राच्या शेवटी, "ताई, थँक्यू"च्या आधी, तू सहज लिहून गेलीस की वाघाचा चेहरा ताडोब्याच्या कुणाच्यातरी फोटोवरून घेतला होता, "पण बराच बदलला." किती बदलला? हा प्रश्न मी प्रेमाने विचारतेय, समोरचा वकील प्रेमाने विचारणार नाही. वाघ कुणाच्याच मालकीचा नाही, तर्री-पोहे खाणारा वाघ ही कल्पना पण कुणाची नाही, कल्पनेला कॉपीराइट नसतो हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मधेच आर. जी. आनंदच्या केसमधे सांगून ठेवलंय, हक्क असतो तो कल्पना ज्या प्रकारे मांडली त्याला. आणि गंमत बघ, प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, ताडोब्याचा एखादा गाइड तुझी भिंत बघून वाघाचं नाव पण सांगेल, पण ते पट्टे निसर्गाचे, फोटोग्राफरचे नाहीत. फोटोग्राफरचं काय, तर तो कोन, तो उजेड कुठून पडलाय, मान कुठे वळलीये, फ्रेममधे काय घेतलं आणि काय सोडलं. तू त्याच कोनातून, त्याच सावल्यांसकट चेहरा उतरवला असशील तर तुझ्या हातात जे दुखणं आहे तेच त्या फोटोग्राफरच्या हातात पण आहे, आणि तू ज्या भाषेत मालकाबद्दल लिहिलंय तीच भाषा तो तुझ्याबद्दल वापरू शकतो. म्हणून नोटीस पाठवायच्या आधी तो मूळ फोटो शोध, स्केचच्या बाजूला ठेव, आणि तुझ्यापेक्षा कडक नजरेच्या माणसाला दाखव. नुसता भाव घेतला असेल तर ठीक. जास्तच जवळ असेल तर फोटोग्राफरला सरळ मेल कर, नाव देते, परवानगी द्या म्हण, आपल्याकडचे बरेच वाइल्डलाइफवाले नावाचेच भुकेले असतात, पैशाचे नंतर. बाकीचं चित्र, म्हणजे प्लेट, पोहे, बाग, ती सगळी मांडणी, ते तुझं तुझंच राहतं.

सहीचं वेगळं बोलते, कारण इथे तुझी बाजू सगळ्यात पक्की आहे. कॉपीराइट कुणाचाही ठरो, कलम ५७ म्हणतं की हे माझं काम आहे असं सांगायचा हक्क कलाकाराचाच राहतो, आणि कामाची मोडतोड करून त्याची इज्जत जात असेल तर त्याविरुद्ध उभं राहायचा पण, हक्क विकून टाकले असले तरी. याला मॉरल राइट्स म्हणतात. म्हणजे समजा उद्या सगळं तुझ्या विरोधात गेलं आणि वाघ मालकाचा ठरला, तरी तो दुसऱ्याने काढला असं दाखवायचा किंवा तुझं नाव खोडायचा हक्क त्याला त्यातून मिळत नाही. तू केसचा विचार करताना टी-शर्टवर अडकली आहेस, माझी नजर फ्लेक्सच्या त्या कापलेल्या कोपऱ्यावर जास्त जाते.

आणि ती भिंत पांढरी होणार त्याचं काय? इथे मी तुला खोटी आशा देणार नाही. आपल्याकडे नेहमी सांगितली जाणारी केस म्हणजे शिल्पकार अमरनाथ सेहगल यांची, दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भलंमोठं ब्राँझचं म्युरल सरकारने १९७९ मधे काढून गोदामात टाकलं, त्यात त्याची नासधूस झाली, दिल्ली हायकोर्टाने २००५ मधे त्यांच्या बाजूने निकाल दिला, ५ लाख रुपये भरपाई आणि जे काही उरलं होतं ते परत. ते कोर्टात गेले होते १९९२ मधे, तेवढं पण लक्षात घे. पण २०१९ मधे त्याच कोर्टासमोर प्रगती मैदानातल्या हॉल ऑफ नेशन्सचा प्रश्न आला, वास्तुरचनाकार राज रेवाल यांची ती इमारत २०१७ मधे पाडली होती, आणि तेव्हा कोर्टाने म्हटलं की जागेच्या मालकाला आपली इमारत पूर्ण पाडायची असेल तर वास्तुरचनाकार त्याला अडवू शकत नाही. ती इमारतीची गोष्ट होती, चित्राची नाही, वाद घालायला जागा आहे, पण खाजगी कॅफेच्या आतली भिंत, मालकाला रंग बदलायचाय, मला नाही वाटत तू थांबवू शकशील. इन्स्टावर फिरणाऱ्या रील्समधे न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झची गोष्ट सांगतात, तिथे २०१३ मधे मालकाने रातोरात ग्राफिटीवर पांढरा रंग मारला आणि २०१८ मधे कोर्टाने कलाकारांना ६७.५ लाख डॉलर द्यायला लावले. खरी गोष्ट आहे, अपिलात पण टिकली, पण तो अमेरिकेचा वेगळा कायदा आहे, तो धरमपेठेत लागत नाही. तू फक्त लेखी विनंती कर की रंग मारायच्या आधी चार दिवस दे, मला नीट फोटो काढायचेत. बहुतेक माणसं याला नाही म्हणत नाहीत.

जाता जाता रस्त्यावर, फ्लायओव्हरखाली रंगवणाऱ्या बाकीच्यांसाठी: सार्वजनिक भिंतीवरचं चित्र म्हणजे फुकटचा माल, असं पण नाही. सिनेमात मागे दिसलं तर कायद्यात सूट आहे, पण जाहिरातीत वापरणं वेगळं. मुंबईतलं एक म्युरल एका विमा कंपनीच्या होर्डिंगमधे आलं तेव्हा २०२३ मधे दिल्ली हायकोर्टाला ती सरळसरळ जाहिरात दिसली आणि सोशल मीडियावरच्या पोस्ट काढायला लावल्या.

आता तुझे तीन पर्याय. पोस्ट नको, निदान ही पोस्ट तरी नको. "चोर" लिहिलं की विषय वाघाचा राहत नाही, बदनामीचा होतो, आणि मालक जो आत्ता बचाव करून राहिला तोच फिर्यादी होऊन बसतो. तुला लिहायचंच असेल तर आपलं काम आपलं आहे एवढंच लिही: भिंतीचा फोटो, स्केचबुकाचं पान, "हे म्युरल मी अमुक महिन्यात काढलं, प्रिंट्स माझ्या परवानगीने झालेले नाहीत, माझं मालकाशी बोलणं चालू आहे." शिवी नाही, अंदाज नाही, टॅग पण नको. धरमपेठेत तेवढं पुरतं बाप्पा, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

पोलिसात जा असं पण कुणीतरी सुचवलंय. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे, आणि २०२२ मधे सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं म्हटलंय, म्हणून लोक याची भीती घालतात. पण जिथे कॉपीराइट कुणाचा हाच वाद आहे तिथे मी आधी तिकडे जाणार नाही. आणि नुसत्या धमक्या पण देत बसू नको, बिनबुडाच्या धमकीविरुद्ध समोरचा स्वतः कोर्टात जाऊ शकतो, तशी तरतूद याच कायद्यात आहे.

मी तुझ्या जागी असते तर आधी एक साधं, शांत पत्र पाठवलं असतं, ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने. त्यात त्याच्याच मेसेजची तारीख आणि ते वाक्य जसंच्या तसं, स्केचची तारीख, टी-शर्टचं बिल, आणि मागण्या: फ्लेक्सवर नाव परत, आतापर्यंत किती टी-शर्ट आणि मग विकले त्याचा हिशोब, दुसऱ्या आउटलेटसाठी वेगळी रक्कम, आणि पुढे विकायचे असतील तर दर नगामागे ठरलेले पैसे. आकडा तूच काढ, पण माणसाला झेपेल असा काढ, ४९९ च्या टी-शर्टवर कापड, छपाई, दुकानाचा खर्च जाऊन त्याला काय उरतं ते कुठल्याही प्रिंटिंगवाल्याला विचारलं तर अंदाज येईल, त्यातला वाटा माग. पंधरा दिवसांची मुदत दे. नाही ऐकलं तर मग वकिलाची नोटीस, आणि तेव्हा वकिलाला टी-शर्ट-मगाबद्दल डिझाइन्स कायद्याचं नक्की विचार, कारण डिझाइन म्हणून रजिस्टर होऊ शकणारी गोष्ट रजिस्टर न करता, ज्याचा कॉपीराइट आहे त्याने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने, ५० पेक्षा जास्त नगांवर कारखानी पद्धतीने छापली तर कॉपीराइट जातो असं कॉपीराइट कायद्यातच कलम १५ आहे आणि समोरचा ते उकरून काढू शकतो. तुझं मूळ चित्र हे चित्रच आहे, मालाचं डिझाइन नाही, हे आपलं उत्तर. दोन्हीत फरक कसा करायचा यावर सुप्रीम कोर्टाने २०२५ मधे नीट बोलून ठेवलंय.

दावा लावायची मुदत तीन वर्षांची असते, त्यामुळे घाई नाही, पण झोपून पण राहू नको. दावा जिल्हा न्यायालयात लागतो, तुझं तर इथेच सिव्हिल लाइन्सला. पण ज्यांचं काम पुण्या-मुंबईच्या कंपनीने उचललंय आणि जे चंद्रपूर-वर्ध्याला राहतात त्यांना हे माहीत नसतं की कॉपीराइटचा दावा आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात पण करता येतो.

पुढच्या कामाआधी, म्हणजे पहिला ब्रश लावायच्या आधी, एवढं पाठवून समोरून "ओके" घे, लाजू नको: "हे पैसे फक्त अमुक ठिकाणच्या एका भिंतीसाठी आहेत. चित्राचा कॉपीराइट माझा राहील. प्रिंट, फ्लेक्स, माल, दुसरी शाखा यासाठी आधी लेखी परवानगी आणि वेगळे पैसे. माझं नाव काढायचं नाही. भिंत पुसायची असेल तर सात दिवस आधी सांगा." मोठं काम असेल तर हेच कागदावर, दोघांच्या सह्यांनी.

आणि तू लिहिलंय ना, वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून सोडून द्यावंसं वाटतं. बाईमाणसाला मोफत वकील मिळायचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचार, अर्ज साधा असतो. जाताना आधार कार्ड, चॅटची प्रिंट, स्केचबुक आणि तो टी-शर्ट बिलासकट घेऊन जा, आणि ताडोब्याच्या त्या फोटोचं पण पहिल्याच भेटीत सांगून टाक.